वाचक विचारतात : भिंतीला लागून असलेल्या गल्लीतली पोरं

गेल्या अंकात 'झोनेनअले' या जर्मन कॉमेडीवर लिहिलं होतं, त्यानंतर इतकी पत्रं आणि मेल आल्या, काहींनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवले, की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९९ चा पिक्चर आहे, दिग्दर्शक लेआंडर हाउसमान, आणि लेखकांमध्ये थोमास ब्रुसिग. गोष्ट १९७० च्या दशकातल्या पूर्व बर्लिनची, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतली. झोनेनअले हा रस्ता खरा आहे, त्याचा बराचसा भाग पश्चिम बर्लिनमध्ये आणि शेवटचा छोटासा तुकडा पूर्वेत, मधून बर्लिनची भिंत गेलेली. त्या तुकड्यावर राहणारा सतरा वर्षांचा मिखा, त्याचे दोस्त मारिओ आणि वुशेल, आणि मिखा जिच्या प्रेमात आहे ती मिरियम. बस, एवढीच गोष्ट. पोरं प्रेमात पडतात, गाणी ऐकतात, मास्तरांच्या शिव्या खातात, आणि हे सगळं बंदूकधारी पहारेकऱ्यांच्या नजरेसमोर चाललेलं असतं.

मी आणि माझी अकरावीतली लेक, दोघींनी मिळून पिक्चर बघितला. पोट धरून हसलो. रात्री तिने नेटवर बर्लिनच्या भिंतीवर मेलेल्या लोकांबद्दल वाचलं आणि मला म्हणाली, आई, आपण हसलो ते बरोबर होतं का गं? मला काही उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगाल?
– एक आई, मुलुंड

ताई, तुमच्या लेकीने जो प्रश्न विचारला तोच जर्मनीतही विचारला गेला, आणि नुसता विचारला नाही तर पीडितांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने दिग्दर्शकाविरुद्ध रीतसर फिर्याद केली, की या पिक्चरने भिंतीवर मेलेल्यांचा अपमान केलाय. तेव्हा ती काही जास्त विचार करतेय असं समजू नका, तिला नेमकं जिथे लागायला पाहिजे तिथेच लागलंय.

आकडा आधी सांगते कारण तो माहीत असला पाहिजे. भिंत १३ ऑगस्ट १९६१ ला उभी राहायला लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली, त्या अठ्ठावीस वर्षांत बर्लिनच्या भिंतीवर किमान १४० जणांचा जीव गेला. पेटर फेश्टर नावाचा मुलगा १९६२ मध्ये गेला, अठरा वर्षांचा होता, गोळी लागून भिंतीच्या पायथ्याशी रक्त वाहत पडून होता आणि दोन्ही बाजूंनी लोक बघत होते. पळून जाताना गोळी लागून मेलेला शेवटचा मुलगा ख्रिस ग्युफ्रॉय, वय वीस, फेब्रुवारी १९८९, म्हणजे भिंत पडायला जेमतेम नऊ महिने राहिले होते. आणि तो गेला ती जागा ट्रेप्टो आणि नॉयकोल्न या दोन भागांच्या सीमेवरची, म्हणजे पिक्चरमधली गल्ली ज्या भागात आहे त्याच भागातली.

आता पिक्चरमधला तो सीन आठवा. वुशेलला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे असते, रोलिंग स्टोन्सची एक डबल रेकॉर्ड. ती मिळवायला तो काय काय करतो, आणि शेवटी मिळते तेव्हा जाकिटाच्या आत छातीशी धरून रात्री घरी निघतो. तेवढ्यात सीमेवरचा पहारेकरी गोळी झाडतो. वुशेल पडतो. सगळे धावत येतात. गोळी रेकॉर्डला लागलेली असते, पोरगा जिवंत. आणि तो रडायला लागतो, पण जीव वाचला म्हणून नाही, रेकॉर्ड फुटली म्हणून. मी हा पिक्चर जेव्हा जेव्हा लोकांबरोबर बघितलाय तेव्हा इथे थिएटर आधी एकदम गप्प होतं, मग कुणीतरी हसतं, आणि मग ते हसणारं माणूसही गप्प होतं. मला वाटतं दिग्दर्शकाला हेच पाहिजे होतं. त्या पोराला आपण मरता मरता वाचलो हे कळायचं वयच नाहीये, त्याच्या दृष्टीने जग रेकॉर्डएवढं आहे, आणि ज्या देशात सतरा वर्षांच्या पोरावर असा सहज गोळीबार होऊ शकतो तो देश कसा असेल हे आपल्याला त्या रडण्यातून कळतं, भाषण न ऐकता.

दुसरी गोष्ट म्हणजे हाउसमान आणि ब्रुसिग दोघेही पूर्वेकडचे, तिथेच वाढलेले. बाहेरून येऊन कुणाच्या दुःखावर विनोद केलाय असं नाही. पिक्चरमध्ये एक जागा आहे बघा, पश्चिमेकडून आलेली पोरं भिंतीपलीकडच्या उंच मचाणावर चढतात आणि खालच्या पूर्वेकडच्या पोरांना बघून ओरडतात, चिडवतात, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी. तिथे मला हसू येत नाही आणि पिक्चरलाही ते यायला नकोय. म्हणजे कोणत्या हसण्याला माया आहे आणि कोणत्या हसण्यात मस्ती आहे हा फरक पिक्चर स्वतःच करून दाखवतो. ज्यांच्या घरातलं माणूस त्या भिंतीवर गेलं त्यांना हा पिक्चर सहन झाला नाही तर त्यांचं अजिबात चुकत नाही, त्यांना समजावायला जाण्याचा हक्क कुणालाच नाही. पण तुम्ही दोघी मिखाला बघून हसलात, त्याच्या बापाला बघून हसलात, मेलेल्यांना नाही. लेकीला हे सांगा, आणि तिने जे वाचलं ते तुम्हीही वाचा म्हणजे पुढचं बोलणं दोघींचं होईल.

वुशेलचं रेकॉर्डवेड बघून मजा आली पण समजलं नाही. सरकारला गाण्यांची एवढी भीती का? पोरांनी नुसती गाणी ऐकून काय बिघडणार होतं?
– कॉलेजमधला वाचक, माटुंगा

हा माझा आवडता प्रश्न आहे आणि उत्तर लांबणार आहे.

पूर्व जर्मनीत १९५८ पासून एक नियम होता, सार्वजनिक ठिकाणी नाचगाण्याच्या कार्यक्रमात जी गाणी वाजतील त्यातली ६० टक्के समाजवादी देशांतली पाहिजेत, पाश्चात्त्य गाणी ४० टक्क्यांच्या वर नकोत. म्हणजे डिस्कोत गाणी लावणाऱ्या पोराला हिशोब ठेवायला लागायचा. सरकारचा मूड बदलत राहायचा हेही खरं. १९६५ मध्ये सरकारी रेकॉर्ड कंपनी अमिगाने बीटल्सची रेकॉर्ड काढली होती, अधिकृतपणे, दुकानात मिळायची. आणि त्याच वर्षाच्या शेवटी वारं फिरलं. लाइपझिगमध्ये गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या बऱ्याच बँडची परवानगी काढून घेतली, तेव्हा ३१ ऑक्टोबर १९६५ ला शहराच्या मधोमध पोरं जमली, काही घोषणा नाही की दगडफेक नाही, नुसती जमली. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, कुत्री सोडली, अडीचशेहून जास्त जणांना पकडलं आणि त्यातल्या कित्येकांना कोळशाच्या खाणीत कामाला पाठवलं. डिसेंबरमध्ये पक्षाच्या बैठकीत वाल्टर उल्ब्रिश्ट, म्हणजे देशाचा सर्वोच्च नेता, पश्चिमेकडचा तो येऽ येऽ येऽ चा एकसुरी कचरा आपण कशाला उचलायचा म्हणून तक्रार करत होता. देशाचा सर्वोच्च नेता बीटल्सच्या कोरसवर बोलतोय, म्हणजे भीती किती वरपर्यंत पोचली होती बघा.

आणि ऑक्टोबर १९६९ ची गोष्ट तर पिक्चरमध्ये घालावी अशी आहे. ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीला वीस वर्षं होणार म्हणून सरकारी सोहळा. अफवा उठली की त्याच दिवशी पश्चिम बर्लिनमध्ये भिंतीला अगदी लागून असलेल्या श्प्रिंगर या वर्तमानपत्र कंपनीच्या उंच बिल्डिंगच्या गच्चीवर रोलिंग स्टोन्स गाणार, म्हणजे पूर्वेकडच्या पोरांनाही ऐकू जाईल. पोरं गावोगावहून बर्लिनला आली. स्टोन्स काही आले नाहीत, ते येणारच नव्हते. पोलिस मात्र आले आणि भरपूर पोरं आत गेली. अशा शहरात वुशेल वाढतोय.

मग काय बिघडणार होतं? मला विचाराल तर गाण्यात काय शब्द आहेत याने सरकारचं काही बिघडत नव्हतं, कित्येक पोरांना इंग्रजी येतही नव्हतं. बिघडत होतं ते हे की ती आवड सरकारने दिलेली नव्हती. चौदाव्या वर्षी युवक संघटनेचा निळा शर्ट, शाळेत काय शिकायचं, पुढे कुणाला कॉलेजला जाता येईल, सैन्यात दीडऐवजी तीन वर्षं द्यायची तयारी दाखवली तर सीट मिळायला सोपं जाईल, हे सगळं वरून ठरलेलं. त्यात एक गोष्ट पोराने स्वतः निवडली, स्वतः शोधली, स्वतःच्या पैशाने मिळवली. रेडिओवर पश्चिमेची गाणी बर्लिनमध्ये सहज ऐकू यायची, भिंत काही रेडिओ लहरी अडवत नाही. पण रेडिओवर ऐकणं वेगळं आणि कव्हर हातात घेऊन उलटसुलट करत बसणं वेगळं, हे कॅसेटचा जमाना बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्याकडेही १९५२ पासून काही वर्षं बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती, ती हलकी आहेत म्हणून. मग लोकांनी काय केलं, रेडिओ सिलोन लावला. पण सिलोन ऐकलं म्हणून गिरगावातल्या कुणाला खाणीत पाठवलं नाही, आणि हा फरक छोटा नाहीये. चांगल्या आवडीनिवडी लोकांवर लादाव्यात अशी हौस सगळ्याच सरकारांना कधी ना कधी येते, प्रश्न एवढाच की नाही म्हणणाऱ्या पोराचं पुढे काय होतं.

मी लालबागचा, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होतो, आमचं अख्खं घर लाल बावट्याचं. कॉम्रेड डांगेंची भाषणं ऐकत वाढलो, लोकवाङ्मय गृहातून स्वस्तातली रशियन पुस्तकं आणून पोरांना वाचायला दिली. असे पिक्चर बघितले की वाईट वाटतं. तिथे सगळ्यांना काम होतं, घर होतं, शाळा फुकट होती. ते कुणी का दाखवत नाही? आमचं आयुष्य काय खोटं होतं का?
– एक निवृत्त गिरणी कामगार

काका, तुमचं पत्र मी ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमचं आयुष्य खोटं नव्हतं, हे पहिल्यांदा.

तुम्ही म्हणता ते खरंच तिथे होतं. घरभाडं अगदी कमी, पाळणाघरं गल्लोगल्ली, १९८० च्या दशकात कामाच्या वयातल्या जवळजवळ ९० टक्के बायका नोकरीत किंवा शिक्षणात होत्या, आपल्याकडे आजही तसं नाही. आणि पिक्चरमध्ये ते नाही असं नका म्हणू, नीट बघा, मिखाच्या घरी कुणी उपाशी नाही, बापाला नोकरी आहे, आईला आहे, घरभाड्याची काळजी कुणाच्या तोंडून एकदाही ऐकू येत नाही. ते त्या भिंतींच्या वॉलपेपरसारखं मागे आहे, सवयीचं झालेलं.

पण काका, तुम्हाला मी एक दुसरी गोष्ट सांगते, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल. जून १९५३. पूर्व बर्लिनमध्ये सरकारने फर्मान काढलं की त्याच पगारात कामाचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढणार. बांधकाम मजुरांनी १६ जूनला स्टालिनआले या मोठ्या रस्त्यावरचं काम थांबवलं आणि मोर्चा काढला, दुसऱ्या दिवशी कारखाने बंद, शेकडो गावांत संप, आणि मग सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. किमान पन्नासहून जास्त माणसं गेली. मुंबईत १९२८ चा मोठा संप कशावरून झाला होता? दोन साच्यांच्या जागी तीन साचे सांभाळायला लावतात म्हणून. तोच वाद, अगदी तोच. गिरणगावात लाल बावटा संप करणाऱ्याच्या हातात होता आणि बर्लिनमध्ये तो रणगाडे पाठवणाऱ्याच्या हातात होता. तुम्ही ज्याच्यासाठी गेटवर उभे राहिलात, मार खाल्लात, ८२ च्या संपात घरातली भांडी विकलीत (तुम्ही पत्रात लिहिलंय म्हणून सांगते), तो हक्क त्या देशात कामगाराला नव्हता. म्हणून हा पिक्चर तुमच्या विरुद्ध नाहीये. मला तर वाटतं स्टालिनआलेवरच्या त्या मजुरांनी तुम्हाला लगेच ओळखलं असतं.

आणि पिक्चरच्या शेवटी मिखा काय सांगतो ते परत ऐका. त्याला ते दिवस आयुष्यातले सगळ्यात छान दिवस वाटतात, आणि कारण काय देतो, तर तेव्हा तो तरुण होता आणि प्रेमात होता. सरकारला त्याचं श्रेय तो देत नाही आणि सरकार वाईट होतं म्हणून ते दिवस टाकूनही देत नाही. बरेच जण मला विचारतात की शेवटी रंगीत चित्र हळूहळू ब्लॅक अँड व्हाइट का होतं, तर माझ्या मते त्याचं उत्तर इथेच आहे. रंग पोरांचे होते. पोरं फ्रेममधून गेली की गल्ली जशी होती तशी दिसते.

मारिओने शेवटी स्टासीसाठी काम करायला सही केली तेव्हा मला त्याचा इतका राग आला. तुम्ही लेखात त्याच्याबद्दल चार ओळीच लिहिल्या. तो गुन्हेगार नाही का?
– वाचक, विलेपार्ले

राग यायलाच पाहिजे. सगळ्यात उर्मट, सगळ्यात बिनधास्त पोरगा तो, शाळेतून काढला जातो तरी वाकत नाही, आणि शेवटी मैत्रीण गरोदर राहते, घर चालवायचं असतं, आणि स्टासीवाले हेच शोधत असतात, माणसाची अडचण.

स्टासी म्हणजे तिथलं गुप्त पोलिस खातं. शेवटी शेवटी त्यांच्याकडे सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती आणि त्याशिवाय सुमारे १ लाख ८९ हजार खबरे, देशाची लोकसंख्या फक्त १ कोटी ६० लाखांच्या आसपास. हे खबरे म्हणजे काळा चष्मा लावलेली माणसं नव्हेत, ऑफिसातला सहकारी, टीममधला खेळाडू, चर्चमधला माणूस, कधीकधी तर नवराच. १९९२ च्या जानेवारीपासून लोकांना स्वतःच्या फायली बघायची परवानगी मिळाली, तेव्हा लोक वाचनालयासारख्या खोलीत टेबलाशी बसून आपल्याच आयुष्याच्या नोंदी वाचत होते, तुम्ही किती वाजता घरातून निघालात, कुणाला काय बोललात, आणि हळूहळू अंदाज यायचा की हे लिहिणारं माणूस कोण असेल. कित्येक मैत्र्या, लग्नं तिथे मोडली.

मारिओ गुन्हेगार का? मला त्याला माफ करावंसं वाटत नाही आणि पिक्चर मला तसं करायला सांगतही नाही, मिखा त्याच्याशी मारामारी करतो तेव्हा माझी बाजू मिखाची असते. पण त्याच पिक्चरने मला आधी तासभर मारिओवर प्रेम करायला लावलंय. म्हणजे खबरे कुठून येतात हे दाखवलंय, वाईट घरातून नाही येत, आपल्यातून येतात. मुलांना हा सीन जरूर दाखवा.

मिखाच्या आईचा मला भयंकर राग आला. हातात पश्चिमेचा पासपोर्ट, म्हातारीसारखी तयार होऊन सीमेपर्यंत गेली आणि परत आली! मी असते तर गेले असते.
– वाचक, गिरगाव

आधी ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी : डोरिसला, म्हणजे मिखाच्या आईला, पश्चिम जर्मनीतल्या एका वयस्क बाईचा हरवलेला पासपोर्ट मिळतो. ती काय करते, तर त्या फोटोतल्या बाईसारखी दिसायला लागते. केस, कपडे, चष्मा, चालणं. घरच्यांना काहीतरी चाललंय एवढंच कळतं. काटारिना टालबाख नावाच्या नटीने काम केलंय आणि हा अख्खा पिक्चर एकीकडे आणि तिचं ते सीमेपर्यंतचं चालणं एकीकडे. आणि ती परत फिरते.

ताई, तुम्ही गेला असतात, मान्य. पण ती गेली असती तर मागे काय झालं असतं ते बघा. पळून जाणं हा तिथे कायद्याने गुन्हा होता. मागे राहिलेल्या नवऱ्याची चौकशी, मिखाचं कॉलेज तर विसराच, आणि परत भेट कधी होईल याचा नेम नाही. भिंत बांधायच्या आधी, १९४९ ते १९६१ मध्ये, सत्तावीस लाखांच्या आसपास माणसं पूर्वेतून निघून गेली होती, म्हणूनच तर भिंत बांधली, आणि त्या सत्तावीस लाखांच्या मागे किती आया, किती भावंडं राहिली असतील. डोरिसची हिंमत कमी पडली असं मला वाटत नाही. ती जायचं का नाही हे ठरवायला स्वतः सीमेपर्यंत चालत गेली, बाकी कुणी तेवढंही केलं नाही.

आणि तिच्या नवऱ्याकडे पण जरा बघा, होट्टे. काहीही झालं की तो ओरडतो, मी अर्ज करणार! आपण हसतो. पण अर्ज हा तिथे खरोखरचा प्रकार होता, नागरिकाने सरकारी खात्याकडे लेखी तक्रार केली तर चार आठवड्यांत उत्तर देणं खात्याला कायद्याने बंधनकारक होतं. पाणी गळतंय, फ्लॅट मिळत नाही, गाडी येत नाही, लाखो अर्ज जायचे. निवडणुकीत निवडायला काही नाही, पेपरात लिहिता येत नाही, मग माणसाकडे उरतं काय, अर्ज. तो होट्टे रोज हरतो आणि रोज अर्जाची धमकी देतो. मला तो विनोदी वाटतो आणि शूरही वाटतो, दोन्ही एकाच वेळी.

गाडीसाठी खरंच इतकी वर्षं थांबायला लागायचं की पिक्चरवाले वाढवून सांगतात?
– वाचक, भांडुप

खरंच. ट्राबांट नावाची छोटी गाडी, टू स्ट्रोक इंजिन, बॉडी पत्र्याची नाही तर कापसाचे तंतू आणि राळ दाबून केलेली. नंबर लावला की दहा वर्षांच्या वर थांबायचं. तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना बजाज स्कूटरच्या बुकिंगबद्दल विचारा, किंवा मुंबईत टेलिफोनचा नंबर लागायला किती वर्षं गेली ते विचारा, लगेच समजेल. आपल्याकडे समाजवादाचा फक्त तेवढाच भाग आपण मनापासून अनुभवलाय.

असे अजून पिक्चर सुचवा ना, म्हणजे कम्युनिस्ट देशांतली टीनएजर पोरं आणि कॉमेडी. फक्त जर्मनच आहेत का?
– वाचक, अंधेरी

भरपूर आहेत, दोनच सांगते कारण दोन्ही माझे लाडके.

पहिला झेक, 'पेलिश्की', तोही १९९९ चा, दिग्दर्शक यान ह्रेबेइक. प्राग, १९६७ चा ख्रिसमस, एका घरात वर-खाली राहणारी दोन कुटुंबं. एका घरातला बाप सैन्यातला अधिकारी, राजवटीवर मनापासून श्रद्धा असलेला, दुसऱ्या घरातला बाप नाझींविरुद्ध लढलेला आणि कम्युनिस्टांवर खार खाऊन असलेला. पोरं प्रेमात पडलेली, पण चुकीच्या माणसाच्या. तो अधिकारी बाप समाजवादी देशांत तयार झालेल्या नव्या नव्या वस्तू घरी आणतो आणि अभिमानाने दाखवतो. एकदा पूर्व जर्मनीत बनलेले प्लास्टिकचे चमचे आणतो, गरम पेयात ढवळले की चमचे विरघळतात, आणि तो बिचारा खरोखर विचारात पडतो की तिथल्या कॉम्रेडांचं चुकलं कुठे. न फुटणारे ग्लास आणतो, ते फुटतात. आपण हसत असतो आणि मग हळूहळू लक्षात येतं की हा माणूस खोटारडा नाही, याचा विश्वास खरा आहे. आणि ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटातल्या देशांचे रणगाडे प्रागमध्ये येतात तेव्हा सगळ्यात जास्त मोडतो तोच. काका लालबागचे, हा पिक्चर तुम्ही बघा, या बापाला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त समजून घ्याल.

दुसरा हंगेरियन, 'मॉस्क्वा तेर', २००१, दिग्दर्शक फेरेन्ट्स ट्योरोक. १९८९ चा वसंत, बुडापेस्टमध्ये बारावीची पोरं. बाहेर इतिहास घडतोय, पोरांना पडलीये पार्टीची, पोरींची आणि पेपर फुटलाय का त्याची. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध हंगेरीत झालेल्या १९५६ च्या उठावानंतर फाशी दिलेले पंतप्रधान इम्रे नॉज यांचं १६ जून १९८९ ला सन्मानाने पुन्हा दफन झालं, अख्खा देश टीव्हीसमोर होता, आणि या पोरांना हा माणूस कोण हेच माहीत नाही. चूक त्यांची नाही, ते नावच शिकवलं नव्हतं. सोव्हिएत युनियनमध्ये तर १९८८ साली शाळांची इतिहासाची परीक्षाच रद्द केली होती, पुस्तकात लिहिलेलं खोटं ठरत चाललं होतं म्हणून. पेपर रद्द झाल्यावर कोणतंही पोरगं आनंदाने उड्याच मारेल, आणि त्या पोरांचा आनंद मला अजिबात खोटा वाटत नाही.

एक सांगायचं राहतंय. या सगळ्या पिक्चरमध्ये जी पोरं दिसतात ती नशीबवान होती, कारण त्यांच्याबद्दल कॉमेडी करता आली. पूर्व जर्मनीत टोरगाउ नावाच्या गावी अल्पवयीन मुलांसाठी एक बंदिस्त सुधारगृह होतं, १९६४ ते १९८९, चौदा ते अठरा वयाची चार हजारांहून जास्त मुलं तिथून गेली. बऱ्याच जणांनी कुठला गुन्हा केला नव्हता, दुसऱ्या वसतिगृहातून पळून गेली होती किंवा ऐकत नव्हती एवढंच. आज तिथे स्मारक आहे. मारिओसारखं पोरगं थोडं कमी नशीबवान असतं तर तिथे गेलं असतं. मिखाच्या गल्लीतला प्रत्येक विनोद बघताना मला टोरगाउ आठवतं आणि तरी मी हसते, दोन्ही होतं.

मुलगा आठवीत आहे. दाखवू का? आणि सबटायटल वाचत बघायला त्याला कंटाळा येईल का?
– वाचक, चेंबूर

दाखवा. थोडं चुंबन, थोडी दारू, नशेचा एक सीन आहे, आठवीतल्या मुलाने याहून जास्त फोनवर बघितलेलं असतं, पण तुम्ही बाजूला बसा. सबटायटलचा प्रश्न पहिली दहा मिनिटं येईल, नंतर विसरेल, कारण पिक्चर पळतो आणि गाणी भरपूर आहेत. डब केलेला शोधू नका, बर्लिनच्या गल्लीतली ती बोली, होट्टेचं ओरडणं, ते ऐकण्यातच अर्धी मजा आहे. आधी पाच मिनिटं नकाशा दाखवा, शहराच्या मधून भिंत कशी गेली होती आणि हा रस्ता कुठे कापला गेला ते, नाहीतर पोरं रस्ता ओलांडून पलीकडे का जात नाहीत हेच त्याला कळणार नाही. मधेच थांबवून प्रश्न विचारायला लागला तर पॉज करा आणि उत्तर द्या, आणि एखाद्याचं उत्तर येत नसेल तर आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात घेऊ.